ब्रॅडिशसाहेबांना माझं पहिलं मत

स्टोलेन जंक्शन, विस्कॉन्सिन
नोव्हेंबर १९२०

सेनेटर ब्रॅडिशसाहेब,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही ते पुढच्या सभेत वाचून दाखवाल. तुम्हाला तो मोह आवरत नाही.

आज आम्ही बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. शाळेतल्या रांगेत शेजारची हिल्दा माझ्या कानाशी लागली, "सिग्रिड, त्या ब्रॅडिशला तरी देऊ नकोस गं. बायकांना मताचा हक्क दिला तर घरोघरी जेवण थंड होईल, असं भर सभेत म्हणाला होता तो."

"ठाऊक आहे. मी पहिल्याच बाकावर होते," मी म्हटलं.

ते मी विसरणार नाही. पण माझा नवरा अमुंड रेल्वेत डबे जोडायचा. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून हातानं खीळ घालावी लागायची. एका हिवाळ्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. मग तुम्ही स्वतःच्याच पक्षाशी भांडून कायदा करून घेतलात आणि डबे आपोआप जुळायला लागले. आमचा मुलगा नील्स आज तेच काम करतो. रविवारी तो फिडल वाजवतो, तेव्हा मी सूर ऐकत नाही, त्याची बोटं बघत बसते.

म्हणून मत तुम्हालाच दिलं. उपकार मानते, माफ केलेलं नाही.

रांग लांब होती. घरी पोचले तोवर कोबी-मटणावरची चरबी थिजली होती. अमुंडनं उरलेल्या तीन बोटांत काटा धरला आणि न कुरकुरता ताट संपवलं.

तुमची मतदार,
सिग्रिड त्वेइट