अंगातलं लोखंड

बाबा, ज्या गोळीची तुम्ही वाट पाहिली ती तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आली. सुई नाही, पोटाशी रात्रभर पंप बांधून झोपणं नाही. जेवून उठायचं आणि पाण्याबरोबर गिळायची. इतकं साधं तुम्हाला पटलंच नसतं.

माझ्या अंगात रक्त टिकत नाही, बाहेरून द्यावं लागतं, हे कळल्यापासून तुम्ही गांधीबागेच्या बाजारात कापड कमी विकलंत आणि माणसं जास्त जमवलीत. शेजारच्या दुकानातला सेल्समन, गाठोडी वाहणारे हमाल, ज्याच्याशी तुमचं कडाक्याचं भांडण झालं होतं तो व्यापारीसुद्धा. दर महिन्याला कोणाला तरी गोड बोलून रामदासपेठेतल्या दवाखान्यात रक्त द्यायला आणायचं, बाटली भरली की बाहेर चना-पोहा खाऊ घालायचा. मला घरी नेताना तुम्ही रिक्षात हसायचात. "आता तुह्या अंगात अख्खं गांधीबाग आहे वं. भाव करायले कोणाच्या बापाले घाबरू नको."

आणि मग तो दिवस. मी दहावीत. डॉक्टर माझं पोट दाबून पाहताहेत आणि सांगताहेत की प्रत्येक बाटलीमागे थोडं लोखंड अंगात राहतं, आपोआप बाहेर पडत नाही, हृदयात आणि यकृतात साचतं. रक्त थांबवता येणार नाही. लोखंड काढणारं इंजेक्शन रात्रभर पंपाने द्यावं लागतं, ते आपल्या आवाक्यातलं नाही. परदेशात गोळी शोधणं चाललंय, तोवर जेवणासोबत कोरा चहा द्या, निदान अन्नातलं लोखंड तरी अंगात कमी शोषलं जाईल. तुम्ही विचारलंत, "म्हणजे हे लोखंड मीच भरून राहिलो का साहेब, तिच्या अंगात?" डॉक्टर चिडले. "मग काय मरू द्यायची होती?" ते तुमच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

त्यानंतर रिक्षात तुम्ही हसला नाहीत. माणसं आणत राहिलात, पण माझ्याकडे न बघता. दोन्ही वेळा ताटाशी चहाचा पेला घेऊन उभे राहायचात. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचात, "पी ना बाई. माह्या हातून तेवढंच होते." आई कावायची, "तिले जेवू तर द्या. आता काय वरणाच्या जागी चहाच वाढू?" मी घोट घ्यायचे आणि उठून जायचे. तुम्ही रक्त आणलंत म्हणून मी आहे, एवढं एक वाक्य तुम्हाला हवं होतं. मला ते सुचलं तेव्हा तुम्ही नव्हता. माझं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं.

हे टपालात पडणार नाही, म्हणून सांगते. गोळी सुरू केल्यावर लघवी लालसर झाली. घाबरून विचारलं, तर नवे डॉक्टर म्हणाले, "लोखंडच निघून राहिलं, चांगलं आहे." घरात सगळ्यांना आनंद झाला. मला रडू आलं. तुम्ही लोकांच्या हातापाया पडून माझ्या अंगात जे भरलंत, ते असं वाहून चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली नाही. एकच दिवस, पण घेतली नाही. डॉक्टरांना हे अजून माहीत नाही.