कुलूप बदलायचं नाही

मी, खाली सही करणारा, वय सत्तरीच्या घरात, धंदा आधी पटकथा-संवाद लिहिणे व उतारवयात दिग्दर्शन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि वैतागलेल्या अवस्थेत लिहून ठेवतो. उद्या माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला. तो वाचून बायको म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही यांच्याबरोबर संसार केलाय का?" वकीलबाई म्हणतात, असले शेरे लिहू नका. मृत्युपत्र माझं आहे, त्यांचं नाही.

कलम १. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात बायकोची. तिने आयुष्यभर भाजी चिरता चिरता माझे संवाद ऐकले आणि "हे कोण बोलतं असं?" एवढंच विचारून निम्मे कापायला लावले. अट एकच: दाराचं कुलूप बदलायचं नाही. ते अडतं, दार खांद्याने रेटावं लागतं, ती वर्षभर कटकट करते आहे, सगळं मान्य. तरी नाही. कारण शेवटच्या कलमात.

कलम २. माझा मेहुणा, थोर दिग्दर्शक, यास काहीही देऊ नये. तीस वर्षं मी त्याला संवाद लिहून दिले. मी लिहायचं, "बस, चहा ठेवते." पडद्यावर बाई हुंदके देत म्हणायची, "बस, चहा ठेवते, तुझ्याशिवाय माझं आहे तरी कोण!" अरे, ते तिने दोन कप काढले तेव्हाच कळलं ना! तर म्हणे, "प्रेक्षकांना समजायला नको का, भाऊजी?" त्याच संतापात मी म्हातारपणी स्वतः दिग्दर्शक झालो. आता माझ्या चित्रपटाचा एकच सीन राहिलाय, तर हा परवा फळं घेऊन आला. "तुम्ही आराम करा, तो सीन मी उरकतो." फळं गोड होती. उत्तर "नाही" असं आहे.

कलम ३. चित्रपटात बापाचं काम करणारा नट प्रत्येक वाक्याला "खरं सांगू का" जोडतो. सांगून जीभ झिजली. त्यास माझी आरामखुर्ची द्यावी, निदान बसल्या बसल्या डोळा लागून गप्प राहील.

कलम ४. राहिलेला सीन. मुलगी घर सोडून निघते, बाप दाराशी उभा. मी बापाला पानभर भाषण दिलं होतं. माझी मुलगी, जी माझी सहायक दिग्दर्शकही आहे, सगळ्या युनिटसमोर म्हणाली, "बाबा, हे कोण बोलतं असं?" वाक्य आईचं, सूरही आईचाच! मी भडकलो. "एवढं कळतंय तर तूच कर!"

"करीन. पण दुसरीकडे."

शूटिंग थांबलं. संध्याकाळी ती बॅग भरून निघाली. जन्म गेला लोकांच्या तोंडी वाक्यं घालण्यात, आणि ऐन वेळी माझ्या तोंडून निघालं काय, तर "चावी घेतलीस का?"

"घेतली," म्हणाली आणि गेली.

दार लावून मी कपाळावर हात मारला. अरे गाढवा, हाच तर सीन होता! तेव्हापासून फोन करतोय, कार्टी उचलत नाही. फार आठवण येते तिची.

सबब, तो सीन तिनेच दिग्दर्शित करावा. निर्मात्याची संमती सोबत जोडली आहे. भाषणाचं पान फाडावं. बापाने फक्त चावीचं विचारावं. नटाने "खरं सांगू का" जोडल्यास आरामखुर्ची परत घ्यावी. मुलीचं उत्तर मी लिहिणार नाही, ते तिने ठरवावं. मी वाचलो तरी हे कलम लागू. वकीलबाई म्हणतात, जिवंत माणसाचं मृत्युपत्र लागू होत नाही. मग जिवंत माणसाचं ऐकतं कोण, तेही सांगा.

कलम ५. कुलूप बदलायचं नाही, कारण त्याची एक चावी तिच्याकडे आहे.

साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर. २. आमचे ध्वनिमुद्रक. (वाचून म्हणाले, "दाराचा आवाज याच दाराचा घेऊ.")

स्थळ: आमचं स्वयंपाकघर. बायको, वकीलबाई, दोन्ही साक्षीदार टेबलाभोवती हजर.

दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार.

सही: केली आहे. जरा वाकडी आली, ती माझीच समजावी. त्याच वेळी बाहेरून कुलपात चावी फिरली आणि कुणीतरी दार खांद्याने रेटलं.