ओकच्या झाडाखाली सतरावं वर्ष

१० मे, १९३७
आजही काही नाही! ओकखालच्या मातीत वीतभर खोल थर्मामीटर खुपसून बसले, परकर चिखलात लोळला. वर खिडकीतून बाबांचा आवाज — "किती?" सांगितलं. "मग अजून अवकाश आहे." जसं काही मला कळतच नाही!

घरात पाय ठरत नाही. शाळेत बेडकाचं हृदय शिकवताना तोच कप्पा दोनदा सांगितला. एक कार्टी उठून म्हणते, "मिस व्हिटकम, किडे निघाले का?" सगळा वर्ग फिदीफिदी. गावभर हाच विनोद — प्रोफेसरांचे किडे.

१३ मे
स्वतःलाच पुन्हा सगळं सांगते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. सिकाडाची, म्हणजे झाडावर बसून कर्कश ओरडणाऱ्या या किड्याची, मादी कोवळ्या डहाळीला चीर पाडून तिच्यात अंडी घालते. पिल्लं खाली पडतात, जमिनीत शिरतात, मुळांचा रस पीत वर्षानुवर्षं बसतात. मग एका मे महिन्यात माती तापली की बाहेर येतात: दक्षिणेतली तेराव्या वर्षी, उत्तरेकडची सतराव्या. का? थंडीमुळे, म्हणतात बॉस्टनचे प्रोफेसर लेवेलिन. रक्तातच आहे, म्हणतात बाबा. म्हणून १९२० साली बाबांनी दक्षिणेतल्या आर्कान्सातून अंड्यांच्या डहाळ्या आणल्या आणि इथे उत्तरेत, विस्कॉन्सिनात, आमच्या ओकला बांधल्या. आमच्या गावात ही जात मुळात नाहीच. जे येईल ते बाबांचंच.

१९३३ साली तेरावं वर्ष आलं. आम्ही मे महिना आर्कान्सात काढला — मूळची मंडळी तिथे वेळेवर निघतात का ते पाहायला. इथली थंडीने जुलैशिवाय हलायची नाहीत, हा बाबांचा हिशेब. जूनच्या मध्याला परत आलो, अंगण लख्ख. ओकखाली खुर्च्या टाकून सबंध उन्हाळा बसलो. जमिनीत एक भोक नाही, झाडावर टाकलेली एक कात नाही! लेवेलिननी त्यावर भाषण ठोकलं. बाबांनी कॉलेजात जाणंच सोडलं.

यंदा सतरावं. आली तर लेवेलिन खरे, बाबा खोटे. आणि तरी वेड्यासारखी वाट बघतोय आम्ही.

२१ मे
शेजारच्या गुद्रुनबाई रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजून घेऊन आल्या. त्यांच्या टर्की आठ दिवस खुराड्यात कोंडलेल्या. नुसता गोंधळ! एरवी उंडारत असतात आमच्या अंगणात.

"का हो कोंडल्यात?"

"असंच. तुझ्या बाबांना त्रास नको."

इतक्या वर्षांत यांना आत्ता त्रास आठवला! वर मलाच, "तू वाळलीस गं कॉर्डेलिया. नवरा बघ एखादा, किडे काय बघतेस!" पाई मात्र छान होती. मी एकटीनेच अर्धी संपवली.

२४ मे
डॉक्टर म्हणाले, बाबांचं हृदय थकलंय, जपा. जपा म्हणजे काय करू? खिडकी बंद करू?

संध्याकाळी बाबा म्हणाले, "येऊ देत गं एकदाची."

"पण मग लेवेलिन जिंकतील."

"जिंकू दे की! मी स्वतः तार करीन त्याला."

"आणि नाही आली तर?"

मग म्हणाले, "मग मी मारली. तिकडे सुखात होती बिचारी. मी हट्टाने उचलून आणली थंडीत."

स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतका राग आला — किड्यांचा, बाबांचा, लेवेलिनचा, सगळ्यांचाच!

३० मे
माती उबदार. एक भोक! — गांडुळाचं.

४ जून
बाबांची खाट खिडकीशी ओढली. मी वरून खाली, खालून वर. शाळेला रजा टाकली, मुख्याध्यापिकांनी कपाळाला आठ्या घातल्या. घालू देत.

९ जून
बाबा गेले. दुपारी.

त्याआधी थोडा वेळ डोळे मिटून म्हणाले, "काही ऐकू येतंय का गं?" बाहेर टर्कींशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, "हो."

"किती?"

मेलं शेवटपर्यंत 'किती'! म्हटलं, "बरेच आहेत, बाबा."

"नोंद करून ठेव," म्हणाले.

१२ जून
दफन झालं. टेबलावर शेजारणींची भांडीच भांडी — हॅम, बटाटे, तीन-तीन केक. कोण खाणार? माणसं पांगली. गुद्रुनबाई तेवढ्या भांडी घासायला मागे राहिल्या. मी पुसत होते. एकाएकी त्यांचे हात थांबले.

"या खेपेला मी कोंडल्या होत्या गं टर्की. तूच बघितलंस ना?"

"या खेपेला म्हणजे?"

"मागल्या खेपेसारखं होऊ नये म्हणून!" आणि रडायलाच लागल्या. "तुम्ही दक्षिणेत गेला होतात, तेव्हा निघाले होते ते तुमचे टोळ, ते किडे. मे संपत आला होता. सगळं अंगण वळवळत होतं. माझ्या टर्कींनी चार दिवस ताव मारला, हाकलून हाकलून थकले मी. प्रोफेसर मला फाडून खातील म्हणून त्यांनी टाकलेली सालं झाडून जाळली, भोकं बुजवली. वाटलं, किडेच ते, पुढल्या वर्षी येतील. तुम्ही दर उन्हाळ्यात खुर्च्या टाकून बसायचात... मग तर तोंडच उघडेना."

हातातली बशी कधी पडली कळलंच नाही.

तेराव्या वर्षी! थंडीत राहून, तेराव्या वर्षी! बाबा खरे होते. आणि त्यांनी एकही मारली नव्हती.

गुद्रुनबाईंना हाकलून दिलं. मग फाटकापर्यंत धावले, परत बोलावलं, दोघी पायरीवर बसून रडलो. त्या म्हणाल्या, "सगळे नाही गं खाल्ले. काही झाडावर चढले. वर बसून केवढा कालवा करायचे!"

वर?

१३ जून
उजाडताच शिडी लावली. गुद्रुनबाईंनी खालून धरली. शेंड्याजवळच्या डहाळ्यांवर चिरा आहेत — ओळीने, जुन्या, भरून आलेल्या. अंडी घातली होती त्यांनी! आणि आम्ही दोघं शहाणे चार वर्षं जमिनीकडे बघत बसलो.

तेहतीस अधिक तेरा.

१९४६ च्या मे महिन्यात मी कुठेही जाणार नाही.