ग्रंथालयाच्या गच्चीवरचं ऊन

६ जानेवारी
आज इतिहास घडला. कुलगुरूंनी मला विद्यापीठाच्या हवामान कृती समितीचा निमंत्रक नेमलं. आधी तिघांनी नकार दिला होता म्हणे. वनस्पतीशास्त्राचे प्रमुख म्हणाले, दगडापेक्षा वीट मऊ. या गृहस्थांना टकलामुळे मुलं ‘पानगळ सर’ म्हणतात. शुद्ध मत्सर, दुसरं काही नाही.
संकल्प: पाच वर्षांत कॅम्पस कार्बनमुक्त. उद्यापासून लिफ्ट बंद, जिने चालू.
जेवताना कन्येला सांगितलं. ती इथेच दुसऱ्या वर्षाला आहे, मुलांच्या पर्यावरण गटाची प्रमुख. चक्क गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, बाकी सगळे नुसते बोलतात, तुम्ही खरंच काहीतरी करा. सातवीत होती तेव्हापासून अशी गळ्यात पडली नव्हती. आता माघार नाही.

७ जानेवारी
लिफ्टने गेलो. गुडघा. तसंही ती वर जातच होती.

१९ जानेवारी
पहिली सभा. एसी इतका की सगळे स्वेटर घालून बसलेले. प्लास्टिकच्या बाटल्या बंद करायचं एकमताने ठरलं. ठराव लिहीत असताना शिपायाने पाण्याच्या बाटल्या फिरवल्या. आता शेवटच्याच, म्हणून प्रत्येकाने दोन-दोन घेतल्या.
पाच वर्षांची मुदत पंधरा केली. उगाच गुडघ्याला बाशिंग बांधून चालत नाही.

४ फेब्रुवारी
सोलर पॅनल मंजूर! इंजिनिअरने वर्कशॉपची गच्ची सुचवली. मोकळी आहे, दिवसभर ऊन असतं वगैरे. पण ती कुलगुरूंच्या खिडकीतून दिसत नाही. आपल्याकडे त्या खिडकीतून जे दिसतं तेवढंच काम झालेलं असतं. कारंजं, गुलाबांचे वाफे, नवं गेट, सगळं तिच्यासमोर आहे. विद्यापीठाचा दर्जा ठरवायला येणाऱ्या तपासणी समितीलाही चहा तिथेच देतात.
मी ग्रंथालयाची गच्ची सुचवली. कुलगुरू खूश. इंजिनिअर सावलीबद्दल काहीतरी पुटपुटत होता. माणूस हुशार, पण दूरदृष्टी नाही.

२२ मार्च
पॅनल बसले, फोटो झाले. फक्त वीज होत नाही. म्हणजे होते, पंख्यापुरती. ग्रंथालयाभोवतीची चौदा झाडं आडवी येतात. जुनी, आडदांड, सगळी सावली नेमकी गच्चीवर. तपासणी तोंडावर आली आहे.
फांद्या छाटा म्हटलं. इंजिनिअर म्हणाला, छाटून भागणार नाही, पॅनल वर्कशॉपवर हलवा. म्हणजे झाकली मूठ मीच उघडायची? कुलगुरूंना काय तोंड दाखवू?

२३ मार्च
कन्येच्या कानावर गेलंच. विचारलं, झाडं तोडणार का. मी म्हणालो, मी असेपर्यंत शक्यच नाही. इतकं ठासून म्हणालो की मलाच पटलं. तिने लगेच गटाला कळवलं, बाबांनी शब्द दिलाय.

२९ मार्च
सही केली.
पण एका झाडामागे दहा रोपं लावणार. हिशेबाने झाडं वाढलीच की. पानगळ सर म्हणाले, या रोपांची सावली पडायला तीस वर्षं लागतील. म्हटलं, तेच तर हवंय, पॅनलना त्रास नको. त्यांनी माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं, पटलं असणार.
कन्येला आज सांगणार होतो. तिची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून राहू दिलं.

३१ मार्च
सुट्टी बघून काम उरकलं. मुलं पोचेपर्यंत बुंधे उरले होते. मी तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं. कन्या एका बुंध्यावर बसली होती. रडत नव्हती, भाषण करत नव्हती. मी खाली जाणार होतो, पण लिफ्ट बंद होती.
घरी जेवली नाही. बायको म्हणाली, अहो, पोरीला तोंडावर तरी सांगायचं होतंत. मी तिला प्रोसिजर समजावली. ती उठून आत गेली.

८ एप्रिल
तपासणी झाली. समितीने चहा घेत खिडकीतून पाहिलं, माना डोलावल्या. शेरा ‘उत्तम’. कुलगुरूंनी पाठ थोपटली. घरी सांगायला कुणी नव्हतं. म्हणजे दोघी घरातच होत्या.

२० एप्रिल
झाडं गेल्यापासून ग्रंथालय भट्टीसारखं तापतं. मुलं बसेनात, म्हणून वाचनकक्षात एसी लावले. पॅनलची सगळी वीज त्यांनाच जाते, तरी पुरत नाही. उरलेल्यासाठी डिझेलचा जनरेटर आणला. उन्हानेच ऊन घालवायचं, कल्पना तशी थोरच आहे. यावर परिषदेत निबंध वाचावा. विमानाने जावं लागेल.
रोपं बरीचशी वाळली. पाणी कारंज्याला लागतं.
कार्बनमुक्तीचं वर्ष २०७० केलं. सभेत सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.

२ मे
कन्या बोलली! आज आपणहून माझ्याशेजारी जेवायला बसली. गेला महिनाभर मी मनात मुद्दे जमवून ठेवले होते. सुरुवात करणार, तोच म्हणाली, मी गट सोडला.
मी म्हणालो, अगं, माझ्यावर चिड, भांड, पण असं सोडून देऊ नकोस. तर म्हणाली, नाही बाबा, तुमचा राग गेला माझा. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. मीही करेन पुढे, बहुतेक. अगदी सहज म्हणाली, माझ्या हातावर हात ठेवून. मी तिची समजूत घालणार होतो, तिनेच माझी घातली.
भांडली असती तर किती बरं झालं असतं.
मग भाजी अळणी झाल्याचं म्हणाली. मी उठून मीठ आणून दिलं.