कवल्याची दुसरी चिठ्ठी

बाई, काल मी नमुन्याच्या कागदावर तुमच्या चिठ्ठीशेजारी माझी चिठ्ठी चिकटवली. डोंबिवलीला, आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, वाळवलेल्या झाडांच्या त्याच लोखंडी कपाटासमोर उभं राहून. तुम्ही असतात तरी चिकटवली असती, हे आधीच सांगते.

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी तुमची विद्यार्थिनी, पण पदवीनंतर वनस्पतिशास्त्र सोडून वर्तमानपत्रात गेले आणि निवृत्त होईपर्यंत पानं वेळेवर छपाईला सोडत राहिले. आता कपाटातल्या सगळ्या नमुन्यांचे फोटो काढणं चाललंय. तुमच्याच हाताखाली शिकलेला एक मुलगा हल्ली विभागप्रमुख आहे. त्याने मला ठाण्याच्या डोंगरांवरच्या पिवळ्या रानफुलांवर पुस्तिका लिहायला सांगितली. "मॅडम, शुक्रवारपर्यंत मिळेल ना?" मी कधी शुक्रवार चुकवलेला नाही. त्या कामासाठी नमुने चाळताना कॉलेजात असताना केलेला माझाच कागद हाती आला. येऊरच्या डोंगरावरचा कवला. फूल तपकिरी पडलंय, पण चिठ्ठीवरची तुमची शाई अजून काळीभोर आहे.

पावसाळ्यात बाजारात कवला या रानभाजीच्या जुड्या येतात, पण डोंगरावर कवले अनेक आणि सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटावेत असे. तशीच बारीक पानं, हात लावल्यावर मिटणारी, तशीच चिमुकली पिवळी फुलं. तुम्ही शिकवलंत की फूल येईपर्यंत थांबायचं, मग भिंगातून फुलाखालच्या हिरव्या वाटीवरच्या शिरा बघायच्या. एकाच्या शिरा शेजारीशेजारी सरळ जातात, दुसऱ्याच्या जाळं विणतात. पद्धत बिनचूक आहे, मी आजही तीच वापरते. पण माझी आई कोपरीच्या मंडईत पालेभाजी विकायची, आणि तिला थांबणं परवडणारं नव्हतं. फुलावर आलेला कवला जून होतो, कोणी घेत नाही. तिला फुलाआधीच ओळखावं लागायचं, तेही गोणपाटावर बसून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. जुडी सोडायची, एकेक काडी चिमटीतून ओढायची. "हा आपला. हा नाय." दुसरा खाल्ला तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. "मरत नाय कोणी. पण बाई परत येत नाय भाजी न्यायला."

आपल्या अभ्याससहलीचा, जुलैतला तो दिवस. येऊरला आम्ही तीस जण चिखलात उभे आहोत, तुमच्या हातात काळी छत्री. मी उपटून आणलेला कवला तुम्ही उलटसुलट बघता आणि म्हणता, "पानांवरून तरी खायचा वाटतो." मी म्हणते, "नाही बाई, हा दुसरा."

"कशावरून?"

"काडी चिमटीत खरखरते. आई म्हणते—"

"'आई म्हणते' हा पुरावा होत नाही," तुम्ही म्हणालात. "फूल आण, मग बोल." मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, आईला घेऊन ये ना कॉलेजात, भाजी पण आणतील!" आख्खा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, पण कोणाला गप्पही केलं नाहीत.

मी फूल आणलं. सप्टेंबरात एकटी येऊरला गेले, त्याच कातळापाशी. तुम्ही भिंग लावलंत, शिरा पाहिल्यात, आणि "हं, दुसराच आहे," एवढंच म्हणालात. जुलैत तुम्ही चुकला होतात आणि मंडईत बसलेली एक बाई फुलाशिवाय बरोबर होती, याबद्दल अक्षर नाही. कच्च्या चिठ्ठीवर 'ओळख पटवणारी व्यक्ती' यापुढे मी 'आई' लिहिलं होतं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "आई? ही कोण?" पक्क्या चिठ्ठीवर तिथे तुमचं नाव आलं. तेच इतकी वर्षं कपाटात आहे.

आई आहे अजून, बाई. चौऱ्याऐंशीची आहे, घोडबंदर रोडला माझ्याकडे असते, नजर जवळजवळ गेलीय. या जुलैत मी, गेल्या वर्षी फुलं पाहून ठेवलेल्या जागांवरून, दोन्ही कवले आणले, दुसऱ्याच्या काड्यांना शाईचा ठिपका लावला आणि मिसळून तिच्या मांडीवर ठेवले. तिने काड्या ओढायला सुरुवात केली आणि चार मिनिटांत दोन ढीग केले. "हा निम्मा नाय आपला. कोणी दिला तुला? फसवलं गं तुला." एकही काडी चुकली नव्हती. मी भिंग घेऊन फुलं येईपर्यंत थांबले असते, तर सप्टेंबर उजाडला असता.

म्हणून मी नवी चिठ्ठी लिहिली. विभागप्रमुखाला घाम फुटला.

"आई बॉटनीच्या होत्या का, मॅडम?"

"भाजी विकायच्या."

"मग ओळख पटवणाऱ्यात कसं घालणार?"

"त्यांनी पटवली म्हणून."

"पण बाईंचा अपमान नाही का होणार?"

मी त्याला तुमचाच नियम ऐकवला. जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, खोडायची नाही. वेगळं म्हणायचं असेल तर शेजारी आपली लावायची, तारीख घालून. पुढे येणारा दोन्ही वाचेल आणि ठरवेल. तुमची चिठ्ठी जिथल्या तिथे आहे. तिच्या उजवीकडे आईचं पूर्ण नाव आहे, धंदा आहे, आणि 'फुलापूर्वी, स्पर्शाने' असं लिहिलंय. पुस्तिकेतही तेच छापणार. हे वाक्य काढायचं असेल तर पुस्तिका दुसऱ्याकडून लिहून घ्या, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. शुक्रवार तोंडावर आहे, तो काढणार नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझं नाव कशाला त्यात? वाळक्या भाजीला नाव लावतात होय?" मग थोड्या वेळाने, "नीट लिहिलंस ना पण?"

मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मला तुमचं पितळी भिंग दिलंत. म्हणालात, "बातमीलाही लागेल." लागलं. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि तरीही माझी चिठ्ठी काढणार नाही.

प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात, गळून पडलेली पानंफुलं ठेवायला तुम्ही कागदाची पुडी लावायला शिकवलंत. हे पत्र घडी करून त्या पुडीत ठेवावं, असं काल मनात आलं होतं. ठेवलं नाही, ठेवणारही नाही. कारण तिथे ते कोणीतरी वाचेल. तुम्ही त्या दिवशी फक्त "ही कोण?" एवढंच विचारलं होतंत. मी सांगू शकले असते. मी 'आई' पेन्सिलीने लिहिलं होतं, आणि ते खोडलं ते खोडरबर माझ्याच कंपासपेटीतलं होतं.