डाव्या रांगेतली तीन बाळं

प्रिय भिंगरी,

त्या सकाळीही मी आधी लादी पुसली, दुधाच्या बाटल्या उकळल्या आणि मग काचेच्या पेट्या पुसायला घेतल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड तो, मी तिथली आया. उजव्या रांगेत ऑक्सिजन भरपूर, डाव्या रांगेत बेताचा. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "मावशी, ऑक्सिजनच्या चावीला हात लावायचा नाही. तो जास्त झाल्यानंच बाळांचे डोळे जातात का, तेच बघतोय."

डावीकडे एक मुलगी होती, माझ्या तळहातात मावेल एवढी. ओठ निळसर. तुझे बाबा जाऊन दोनच महिने झाले होते, त्यांची शेवटची धाप माझ्या कानातून जात नव्हती. सिस्टर चहाला गेल्या होत्या. मी चावी अर्धा फेरा फिरवली. पोर गुलाबी झाली गं! मग रोजचंच झालं. सिस्टर आकडा लिहायला यायच्या आत चावी जागेवर आणायची, त्या वळल्या की पुन्हा फिरवायची. अशी तीन बाळं. काही वाईट करतेय असं मनातही आलं नाही.

तिघांचेही डोळे गेले. त्या मुलीची आई तिच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा हलवायची. "मावशी, ही बघतच नाही माझ्याकडे. रुसलीय का?" मी म्हणाले, "लहान आहे अजून."

पुढे तू डोळ्यांची डॉक्टर झालीस. तुझी पुस्तकं मी शब्दकोश शेजारी घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचली. त्यांत लिहिलंय, जास्त ऑक्सिजन हे कारण असावं. त्या 'असावं'पाशी मी कितीदा अडले, तुला काय सांगू.

रविवारी तू वॉर्डाची जुनी रजिस्टरं घेऊन आलीस. "आई, सगळं जुळतं, ही तीनच जुळत नाहीत. बेताच्या ऑक्सिजनवर यांचे डोळे गेले कसे? यांच्यामुळे मला प्रबंधात लिहावं लागणार, की कारण ऑक्सिजन नव्हेच. तू होतीस ना तिथे?" मी भांडी विसळत म्हटलं, "आठवत नाही गं." मला सगळं आठवतं. तसं लिहू नकोस, नाहीतर उद्याच्या बाळांचेही डोळे जातील. ती तिघं उजव्या रांगेत धर आणि कारण म्हणून माझं नाव लिही. हे तोंडानं सांगायला मी दुसऱ्या दिवशी तुझ्या दवाखान्यात आले होते. तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसले आणि घरी परत आले.

तुझीच,
तोंड चुकवलेली आई