लाल फडकं

सोनई,
२१ फेब्रुवारी १९७३

चि. लीनास इंदूताईचे आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. विहिरी आटल्यात, जो तो सुरुंग लावून आपली विहीर खोल करतोय. दिवसभर कुठे ना कुठे बार उडतात.

रविवारी देवळालीच्या शाळेत तू तुझा गुप्तधनाचा खेळ घेणार आहेस ना? घेऊ नकोस, बाई. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवतेय.

मी तो इथल्या शाळेत घेऊन पाहिला; त्यात चांगलं काय नि कच्चं काय, असं तू विचारलं होतंस. चांगलं पुष्कळ आहे. कोडी तर झकासच! एका लाल फडक्याशी कोडं सुटलं की पुढच्या फडक्याचा पत्ता लागतो, त्यामुळे गणिताला जांभया देणाऱ्या पोरीसुद्धा सुसाट सुटल्या. तिसरं कोडं फारच सोपं झालं. आणि भुताची आरोळी ठोकायला उभी केलेली सातवीतली आक्काबाई स्वतःच फिदीफिदी हसत सुटली. तरी ‘कुणी कितीही ओरडलं तरी मागे फिरायचं नाही’ हा तुझा नियम मला फार आवडला होता. मीच तो पोरींकडून घोकून घेतला.

लीना, पुढचं खाडाखोड करत लिहितेय गं. अक्षराकडे बघू नकोस.

खेळाच्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या विहिरीत पुंजारामने सुरुंग भरला होता. सुरुंग भरला की इथे काठावर लाल फडकं लावतात. सोनईत राहून मला हे सुचू नये? माझ्या वर्गातली मनकर्णा सगळ्यांच्या पुढे. फडकं दिसताच धावली. पुंजाराम बांधाआडून बोंबलतोय, “ए पोरी, माघारी फिर! बत्ती दिलीया!” ती त्याच्याकडे बघून हसली. हसली गं! आणि विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागली.

तो जिवावर उदार होऊन धावला, वेणीला धरून तिला वर ओढलं, मुरमाच्या ढिगाआड पाडलं, तोच बार उडाला. पोर वाचली. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

पण तेव्हापासून घरच्यांनी हाक मारली तर ती बघत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, नगरला नेऊन कान दाखवा. तिची आई रतनबाई मला बोल लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं. उलट म्हणते, “बाई, तुमी एकदा हाक मारून बघा की. तुमचं ती लई ऐकती.”

दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मनकर्णा अंगणात पाठमोरी बसलेली असते. मी हाक मारली आणि तिने वळून पाहिलं नाही, तर?

तुझी,
फार भ्यालेली
इंदूताई